कोळशाची किंमत कोण मोजतं?

(युवा शिबिरात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



‘कार्बनची किंमत आणि स्वच्छ ऊर्जा’ असा विषय मला दिलाय. विषयाचं नाव घेतल्याबरोबर मागच्या रांगेत दोघांनी मोबाईल काढले, ते मी पाहिलंय. रागावलो नाही. मी विद्यार्थी असतो तर मीही तेच केलं असतं. हवामान बदल म्हटलं की आपल्याला बर्फावरचं पांढरं अस्वल आठवतं, नाहीतर परदेशातली एखादी परिषद. आपल्या मोहल्ल्याशी त्याचा काय संबंध?

म्हणून मी अस्वलापासून सुरुवात करत नाही. लाइट बिलापासून करतो.

मी मालेगावचा. अब्बांचे आठ लूम होते, पत्र्याच्या शेडमध्ये. महिन्याला घरात दोन कागदांची धास्ती असायची. एक सुताच्या व्यापाऱ्याची उधारीची चिठ्ठी आणि दुसरं लाइट बिल. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात लोडशेडिंग इतकं होतं की लूम कधी चालू आणि कधी बंद हे कारागिराच्या हातात नव्हतं. लाइट गेली की कारागीर बाहेर ओट्यावर बसायचे. कापडाच्या मीटरवर मजुरी, त्यामुळे लूम बंद म्हणजे मजुरी बंद. अब्बा बिल हातात घेऊन मला वाचायला सांगायचे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. मी वाचायचो आणि ते एकच विचारायचे, “यात आपण वापरलेल्या विजेचे किती, आणि बाकीचे कशाचे?”

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. पुढे अर्थशास्त्र शिकलो, शिकवलं, तेव्हा हळूहळू कळत गेलं. आज मी तुम्हाला त्या बिलावर कधीच न छापलेल्या एका ओळीबद्दल सांगणार आहे.

बिलावर न दिसणारी ओळ

भारतात कार्बनची किंमत यायची आहे असं बरेच लोक समजतात. खरं म्हणजे ती २०१० सालीच आली. १ जुलै २०१० पासून केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला. नाव होतं ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’. देशातल्या खाणीतून निघालेला कोळसा असो की जहाजातून आलेला, दोन्हींवर. २०१४ मध्ये तो १०० रुपये झाला, २०१५ मध्ये २००, आणि २०१६ मध्ये ४००. त्याच वेळी नाव बदलून ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ झालं.

आता हे ४०० रुपये तुमच्या-माझ्या घरापर्यंत कसे येतात ते बघू. आपल्याकडच्या औष्णिक केंद्रात एक युनिट वीज करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका टनात चौदाशेच्या आसपास युनिट. ४०० भागिले १४००, म्हणजे युनिटमागे सुमारे २८ पैसे. देशातली साधारण तीन चतुर्थांश वीज कोळशावर होते, म्हणून सरासरी धरली तर युनिटमागे वीस पैशांच्या आसपास. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घरातून महिन्याला २० रुपये जात होते. बिलावर ‘कोळसा उपकर’ अशी ओळ कुठेच नव्हती. तो विजेच्या खरेदी खर्चात मिसळून यायचा.

वीस रुपये म्हणजे एक कटिंग चहा आणि एक समोसा. पण देशभर गोळा केले की डोंगर होतो. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात या उपकरातून ८६ हजार कोटी रुपयांहून जास्त जमा झाले. हे पैसे स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून वेगळा ‘राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी’ काढला होता. त्या निधीत प्रत्यक्षात गेले तीस हजार कोटींपेक्षा थोडे कमी. आणि त्या निधीतून प्रकल्पांना मिळाले सुमारे सोळा हजार कोटी.

८६ हजारांतले १६ हजार. म्हणजे आपण कोळशावर भरलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले अठरा-एकोणीस रुपये ठरलेल्या कामाला लागले.

पुढे १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. स्वच्छ पर्यावरण उपकर रद्द झाला, पण कोळशावरचे ४०० रुपये तसेच राहिले. फक्त पाटी बदलली. आता ती ‘जीएसटी भरपाई उपकर’ झाली. जीएसटीमुळे राज्यांचं उत्पन्न घटलं तर ते भरून द्यायला हा पैसा जाऊ लागला. पुढे कोविडच्या काळात राज्यांसाठी काढलेलं कर्ज फेडायला गेला. राज्यांना पैसे मिळाले यात वाईट काही नाही, राज्येही आपलीच. पण सौर पॅनेलच्या नावाने सुरू झालेला कर सात वर्षांत भलत्याच खात्यात गेला, आणि रस्त्यावर सोडा, चहाच्या टपरीवरही कोणी त्याची चर्चा केली नाही. कारण ती ओळ बिलावर नव्हतीच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४०० रुपयांचा उपकरही गेला. त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी पाच टक्क्यांवरून अठरा टक्के झाला. वरवर वाटतं की हिशेब तोच. थोडं गणित करून बघा. दीड हजार रुपये टनाचा स्वस्त, जास्त राखेचा कोळसा घ्या. आधी पाच टक्क्यांचे ७५ आणि उपकराचे ४००, मिळून ४७५ रुपये. आता अठरा टक्के म्हणजे २७० रुपये. आणि पाच हजार रुपये टनाचा चांगला कोळसा घ्या. आधी २५० आणि ४००, मिळून ६५०. आता ९००. आधीचा उपकर वजनावर होता, म्हणजे साधारणपणे धुरावर होता. आताचा कर किमतीवर आहे. हलक्या कोळशावरचा कर उतरला आणि चांगल्यावरचा चढला. वीज ग्राहकाला स्वस्त पडावी हा हेतू असेलही, पण याला कार्बनची किंमत म्हणता येणार नाही.

किंमत लावायचीच कशाला?

इथे कोणी विचारेल, सर, मग असा कर हवाच कशाला? गेला तर बरंच झालं.

म्हणून मूळ कल्पना सांगतो. आर्थर पिगू नावाच्या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली ती मांडली. एखाद्या धंद्याचा नफा एकाच्या खिशात जातो आणि त्रास दुसऱ्याच्या अंगावर पडतो, तेव्हा बाजारातला भाव खोटा असतो. तो खरा करायचा असेल तर त्रासाची किंमत भावात मिळवा.

आपल्या चंद्रपूरचं उदाहरण घ्या. तिथलं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं, राज्यातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. तिथून निघालेली वीज मुंबई-पुण्यात एसी चालवते. राख मात्र चंद्रपूरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध २०२२ च्या जुलैत फुटला, तेव्हा राखेचा चिखल जवळच्या शेतांत आणि वस्तीत शिरला. युनिटचा भाव ठरवताना त्या शेतकऱ्याला कोणी विचारलं होतं? चिमणीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा त्रास तर आणखी दूर जातो. मराठवाड्यातल्या उन्हात रस्त्याचं काम करणाऱ्या मजुराच्या डोक्यावर, कोकणातल्या मच्छीमाराच्या जाळ्यावर.

‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तामिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात भारतीय कायद्याचा भाग म्हणून मान्य केलं. कार्बनची किंमत हे त्याच तत्त्वाचं मोठं रूप.

जगात याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे सरळ कर. फिनलंडने १९९० मध्ये आणि स्वीडनने १९९१ मध्ये तो लावला. स्वीडनचा दर आज जगातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी आहे, तरी त्यांची अर्थव्यवस्था वाढली आणि धूर कमी झाला. दुसरी रीत म्हणजे धुराची मर्यादा ठरवून परवान्यांची खरेदी-विक्री. युरोपियन युनियनने २००५ पासून ती चालवली, चीनने २०२१ पासून.

आपण आता दुसऱ्या वाटेवर निघालोय. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर झाली. यात कारखान्याला एकूण किती धूर सोडायचा यावर मर्यादा नाही. दर टन मालामागे किती, यावर आहे. ठरवलेल्यापेक्षा कमी सोडला तर क्रेडिट मिळतं, जास्त सोडला तर विकत घ्यावं लागतं. सिमेंट, ॲल्युमिनियम, पोलाद, कागद, मोठ्या कापड गिरण्या असे उद्योग यात धरलेत. पण सर्वांत जास्त कोळसा जाळणारी औष्णिक वीज केंद्रं या पहिल्या यादीत नाहीत, हे लक्षात ठेवा.

आणि हे आपण सगळं मनाने करतोय असंही नाही. युरोपने सीमेवर नाका बसवलाय. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा मालाबरोबर त्यातल्या कार्बनचा हिशेब १ ऑक्टोबर २०२३ पासून द्यावा लागतोय, आणि १ जानेवारी २०२६ पासून त्याची किंमत लागू झाली. यात एक कलम आहे. निर्यात करणाऱ्या देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल तर ती तिथे वजा होते. म्हणजे काही मालावर किंमत भरावी लागणारच आहे. ती युरोपच्या तिजोरीत जाईल की आपल्या, एवढंच ठरायचं आहे.

आपण का भरायचं?

तरुण मुलं मला नेहमी विचारतात, “सर, धूर अमेरिकेने केला, युरोपने केला, मग आपण का भरायचं?” प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. एक सरासरी अमेरिकन माणूस वर्षाला साधारण चौदा टन कार्बन डायऑक्साइडला कारण होतो. सरासरी भारतीय सुमारे दोन टनांना. जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. श्रीमंत देशांनी जास्त भार उचलावा, ही भारताची मागणी न्याय्य आहे आणि आपण ती सोडू नये.

पण सरासरी हा शब्द फसवा असतो. ती दोन टनांची सरासरी कुणाकुणाची मिळून आहे? तीन एसी, दोन गाड्या, वर्षाला चार विमानप्रवास करणारा भारतीय त्यात आहे, आणि एक पंखा, एक बल्ब आणि सायकलवाला भारतीयही त्यातच आहे. जगापुढे आपण गरीब माणसाला पुढे उभं करतो आणि त्याच्या मागे श्रीमंत माणूस लपतो. जो न्याय आपण अमेरिकेकडे मागतो तोच देशाच्या आत, शहराच्या आत मागायला नको का?

पैसा परत कोणाला?

इथे मी मुख्य मुद्द्यावर येतो. कार्बनची किंमत गरिबाच्या विरोधात आहे की बाजूने, हे तिच्या दरावर ठरत नाही. गोळा झालेला पैसा कुठे जातो, यावर ठरतं.

एक काल्पनिक गल्ली घेऊ. दहा घरं. आठ घरं महिन्याला १०० युनिट वापरतात, दोन बंगले ८०० युनिट वापरतात. युनिटमागे कार्बनचे २० पैसे. आठ घरांनी प्रत्येकी २० रुपये दिले, झाले १६०. दोन बंगल्यांनी प्रत्येकी १६० दिले, झाले ३२०. एकूण ४८०. आता हे पैसे दहा घरांत सारखे वाटले, तर प्रत्येकाला ४८. लहान घराने २० भरले आणि ४८ मिळाले. बंगल्याने १६० भरले आणि ४८ मिळाले. वीज वाचवायचं कारण दोघांनाही आहे, पण गरिबाच्या हातात महिन्याला २८ रुपये जास्त राहिले. आणि हेच ४८० रुपये कुणाला न सांगता दुसऱ्या खात्यात गेले, तर गरिबाचे २० गेले ते गेलेच.

हे फक्त फळ्यावरचं गणित नाही. कॅनडाने २०१९ मध्ये केंद्राचा कार्बन कर सुरू केला. टनाला २० डॉलरपासून वाढत २०२४ मध्ये तो ८० डॉलर झाला. त्यातला सुमारे नव्वद टक्के पैसा कुटुंबांना परत दिला जायचा. ऑन्टारिओ प्रांतातल्या चार जणांच्या कुटुंबाला २०२४-२५ मध्ये दर तीन महिन्यांनी २८० डॉलर खात्यात मिळत होते.

तरीही तो कर टिकला नाही. पेट्रोल पंपावर कर रोज दिसायचा. परतावा तीन महिन्यांतून एकदा गुपचूप खात्यात यायचा, आणि तो कशाचा आहे हे अनेकांना कळतच नव्हतं. विरोधकांनी ‘कर हटवा’ एवढं एकच वाक्य पकडलं. १ एप्रिल २०२५ पासून सामान्य ग्राहकांवरचा तो कर काढून टाकला गेला. ज्यांचा फायदा होत होता त्यातल्या बऱ्याच लोकांनी त्याला विरोध केला, कारण त्यांना हिशेब कुणी नीट सांगितलाच नव्हता.

फ्रान्समध्ये उलटं घडलं. २०१८ मध्ये सरकारने इंधनावरचा कार्बन कर वाढवत नेला, आणि त्याच वर्षी श्रीमंतांवरचा संपत्ती कर बराचसा रद्द केला. खेड्यात राहणाऱ्या, रोज चाळीस किलोमीटर गाडी चालवून कामाला जाणाऱ्या माणसाला सरळ दिसलं की आपल्याकडून घेतायत आणि वरच्यांना सोडतायत. नोव्हेंबरमध्ये पिवळी जाकिटं घालून लोक चौकाचौकात उतरले. डिसेंबरमध्ये पुढची वाढ रद्द करावी लागली.

तीन देश, तीन धडे. कॅनडात न्याय होता, पण तो दिसला नाही. फ्रान्समध्ये अन्याय होता आणि तो दिसला. आपल्याकडे कर दिसला नाही, पैसा दिसला नाही, म्हणून राग आला नाही आणि मागणीही झाली नाही.

मोहल्ल्यातलं स्थित्यंतर

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. कोळसा नको तर मग काय?

यात चांगली बातमी आहे. सौर वीज स्वस्त झाली. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात युनिटला १ रुपया ९९ पैसे असा दर लागला. २०२५ च्या मध्यापर्यंत देशातल्या वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, गॅस, डिझेल सोडून इतर स्रोतांची झाली. हे लक्ष्य २०३० चं होतं. खरं सांगायचं तर यात कोळशाच्या उपकराचा वाटा लहान आहे. पॅनेलच्या पडलेल्या किमतींनी जास्त काम केलं. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. सूर्य मावळला की पॅनेल झोपतं आणि आपण पुन्हा कोळशावर येतो. त्यासाठी बॅटरी हव्यात. आपल्या घाटघरला दिवसा-रात्री पाणी खाली-वर करून वीज साठवणारा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, तशी ठिकाणंही लागतील.

पण हे सगळं होताना आपल्या वस्त्यांत काय घडेल, त्याची तीन चित्रं दाखवतो.

पहिलं, छप्पर. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या पॅनेलला ७८ हजार रुपये अनुदान आहे. चांगली योजना आहे. पण त्यासाठी स्वतःचं छप्पर हवं. जो भाड्याने राहतो, चाळीत राहतो, ज्याच्या घराचे कागद आजोबांच्या नावावर आणि वाटण्या तोंडी, त्याने पॅनेल कुठे लावायचं? मालेगाव-भिवंडीतल्या लूमच्या पत्र्याच्या शेडवर वजन पेलेल का, हा तर आणखी वेगळा प्रश्न. ज्याला परवडतं तो पॅनेल लावून बिल शून्यावर आणतो, आणि तारांचा, खांबांचा, रोहित्रांचा खर्च उरलेल्या ग्राहकांत वाटला जातो. म्हणून मागणी हवी ती समूहासाठीच्या सौर प्रकल्पाची. शहराबाहेरच्या जागेवर पॅनेल, आणि त्यातला वाटा भाडेकरूच्या बिलातून वजा.

दुसरं, भट्टी. मुंबईचा पाव ज्या भट्ट्यांत भाजला जातो त्यातल्या कित्येक आपल्या लोकांच्या आहेत, काम करणारी मुलंही आपलीच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्या व तंदूर सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. हवा सर्वांची आहे. त्या भट्टीचा धूर आधी तिथल्या कारागिराच्याच छातीत जातो, त्यामुळे आदेशाच्या हेतूशी माझं भांडण नाही. पण लाकडाची जुनी भट्टी गॅसवर किंवा विजेवर न्यायला लाखांत खर्च येतो, नव्या भट्टीला जागा लागते, पाइपलाइन सगळ्या गल्ल्यांत पोचलेली नाही. कोळशाच्या नावाने देशभर हजारो कोटी गोळा झाले. त्यातला काही भाग अशा लहान धंद्यांना स्वस्त कर्ज म्हणून मिळायला नको होता का? ‘स्वच्छ ऊर्जा निधी’ याचा साधा अर्थ मला तरी हाच वाटतो.

तिसरं, पाना-पक्कड. माझा भाचा टू-व्हीलरचा मेकॅनिक आहे. इंजिनाचा आवाज ऐकून सांगतो, “मामू, याचा व्हॉल्व्ह गेलाय.” गेल्या वर्षी त्याच्याकडे एकाने इलेक्ट्रिक स्कूटर ढकलत आणली. भाच्याने सीट उघडली, पाहिलं आणि बंद केली. आत आवाजच नाही. ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही. दोष शोधायला लॅपटॉप लागतो आणि ते सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच मिळतं. पंधरा वर्षांची कारागिरी त्या सीटखाली निरुपयोगी झाली. तो मला म्हणाला, “मामू, हवा साफ होईल, पण मी काय करू?”

याला मी भाषणात उत्तर देऊ शकत नाही. पण हा प्रश्न चंद्रपूर-वणीच्या कोळसा खाणीत कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाचाही आहे. कोळसा कमी होईल तेव्हा कायम कामगाराला काहीतरी मिळेल, कंत्राटी माणसाचं नाव कोणत्याच यादीत नसेल. म्हणून स्थित्यंतराची तारीख ठरवताना प्रशिक्षणाची जागा, पैसा आणि मधल्या काळातली रोजी हेही त्याच कागदावर यायला हवं.

मग करायचं काय?

आपल्याकडे अशा विषयावर दोन प्रकारची उत्तरं मिळतात. एक म्हणतो, हा आपला प्रश्न नाही, आपले प्रश्न वेगळे आहेत. दुसरा म्हणतो, ही वरच्या लोकांची खेळी आहे, विरोध करा. पहिल्याला मी सांगतो, बिल तुझ्याही घरी येतं. दुसऱ्याला सांगतो, उष्णतेची लाट आली की पत्र्याच्या खोलीतला माणूस आधी भाजतो. कोळसा चालू राहण्यात गरिबाचं भलं नाही. बदलात त्याचा हिस्सा असण्यात आहे.

तुम्ही नागरिक म्हणून काय करू शकता, ते थोडक्यात सांगतो.

घरी गेल्यावर लाइट बिल काढा आणि आई-वडिलांना एकेक ओळ समजावून सांगा. ज्या घरात बिल वाचता येतं त्या घराला कोणी सहज फसवत नाही.

विजेचे दर ठरवण्याआधी महाराष्ट्र वीज नियामक आयोग हरकती आणि सूचना मागवतो, जनसुनावणी घेतो. तिथे उद्योगांचे वकील येतात, ग्राहक संघटना येतात, यंत्रमागधारकांच्या संघटनाही येतात. भाडेकरू येत नाहीत, बेकरीतला कारागीर येत नाही. तुमच्यातले चार जण मराठीत दोन पानांची हरकत लिहून देऊ शकतात. त्याला वकील लागत नाही.

माहितीचा अधिकार वापरा. आपल्या शहराच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहन दुरुस्तीच्या आणि सौर पॅनेल बसवण्याच्या किती जागा आहेत, शिकवायला माणूस आहे का, ते विचारा. उत्तर आलं की नगरसेवकाकडे, आमदाराकडे जा. एकटे जाऊ नका आणि फक्त आपल्याच मोहल्ल्याचे म्हणूनही जाऊ नका. शेजारच्या वस्तीतल्या रिक्षावाल्याचा आणि माझ्या भाच्याचा प्रश्न एकच आहे.

आणि पुढे कधी कोळशावर, पेट्रोलवर, कशावरही ‘हरित’ नावाचा कर लागेल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. किती जमा होणार? कोणत्या खात्यात जाणार? परत कोणाला मिळणार? उत्तर आलं तर त्या कराची बाजू घ्या, अगदी ठामपणे घ्या. उत्तर आलं नाही तर ते येईपर्यंत विचारत राहा.

अब्बा आता नाहीत. लूम विकले गेले. पण त्यांचा प्रश्न, “यात आपण वापरलेल्या विजेचे किती, आणि बाकीचे कशाचे?”, मला वाटतं अर्थशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकाइतकाच चांगला होता. त्यांना मी उत्तर देऊ शकलो नाही. तुम्ही तुमच्या अब्बांना, आईला ते देऊ शकाल अशी माझी अपेक्षा आहे.

आता चहा आलाय. चहा घेताना मघाच्या त्या मागच्या रांगेतल्या दोघांनी आधी माझ्याकडे यावं, त्यांच्याकडूनच पहिला प्रश्न घेणार आहे.